पाऊण मिनिट

बाबांना वायू रंगावरून ओळखू येतात,
जशी माणसं चालीवरून.
निऑन लाल. आरगॉन फिका जांभळा,
त्यात पाऱ्याचा थेंब सोडला की निळा.
आणि पंप गळत असला की आत शिरलेली हवा,
गुलाबी, आजारी.
"गॅसले डिवचलं का थे आपलं नाव सांगते,"
ते म्हणतात, तोंडात फुंकायची रबरी नळी धरून,
त्यामुळे नाव जरा बोबडं येतं.

गांधीबागेतल्या निम्म्या साडीवाल्यांची नावं
त्यांनी ज्योतीवर वाकवलीत, उलटी.
सगळ्यात अवघड शिरोरेषा.
हातभर सरळ नळी, आणि मे महिन्यात पंखा लावायचा नाही,
ज्योत हलते.
आता सगळीकडे एलईडी.
रज्जाकचाचा गेले तेव्हापासून दुकानात
एकच बर्नर पेटतो, तोही बहुतेक चहापुरता.

मी त्यांना माझा आलेख दाखवला,
एका दीर्घिकेच्या गाभ्याचा.
कृष्णविवर हा शब्द टाळला. म्हटलं,
मधे फार तापलेलं काहीतरी आहे, भोवती ढग.
त्यांचं बोट थेट हायड्रोजनवर गेलं.
"ही रेघ फुगली काऊन?"
जवळचे ढग आहेत, बाबा. सेकंदाला हजारो किलोमीटर,
काही आपल्याकडे, काही पलीकडे,
म्हणून रंग दोन्ही बाजूंना फाकतो.
"हं. हात थरथरला का अक्षर असंच होते."

मधला उजेड लुकलुकला की
हे ढग वीसेक दिवसांनी लुकलुकतात.
त्या उशिरावरून आम्ही अंतर मोजतो.
आईबद्दल काही विचारलं तर बाबा
ज्योतीकडे बघतात,
आणि उत्तर जेवणं आटपल्यावर देतात.

मग ते हिरव्यापाशी अडले.
शेजारी शेजारी दोन बारीक रेघा,
एक उंच, एक ठेंगणी.
"हे कोन?"
ऑक्सिजन.
"खोटं. ऑक्सिजन असा नसते. मी भरून पाह्यला हाये."

हा लांबच्या ढगांतला आहे, दोन इलेक्ट्रॉन हरवलेला.
त्याला हा हिरवा सोडायला
पाऊण मिनिट तरी लागतं,
आणि तेवढ्यात कुणाचा धक्का लागता कामा नये.
आपल्या नळीत सेकंदाला लाखो धक्के.
पुस्तकात या रेषेला निषिद्ध म्हणतात.
"गुन्हा काय केला तिनं?"
काही नाही. गर्दीत उमटत नाही, एवढंच.

बाबांनी शटरबाहेर पाहिलं.
इतवारी भरात होती. ई-रिक्षा, हातगाडी,
मिरचीची पोती पाठीवर घेतलेले हमाल,
शिंका, शिव्या, खांद्याला खांदा.
"पाऊन मिनिट," ते म्हणाले,
एखाद्याने मोठी रक्कम सांगावी तसं.

त्या रात्री त्यांनी पंप लावला.
मी सांगून पाहिलं की एवढं रितेपण
पृथ्वीवर कुठल्याच पंपाला जमत नाही,
आणि जमलं तरी नळी प्रकाशवर्षांच्या मापाची लागेल,
तेव्हा कुठे डोळ्याला काही दिसेल.
"चालू दे ना वं. लाईट जाईपर्यंत पाहू."

लाईट तीनला गेली.
कूलर थांबला, मग पंप, मग समोरच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा.
अंधारात त्यांनी काचेचं तोंड वितळवून बंद केलं.
ज्योतीत फक्त अंगठा दिसत होता
आणि त्याच्यावरचा जुना, चकचकीत डाग.

ट्रान्सफॉर्मर भंगारात गेला. पंप कामठीच्या एकाने नेला.
ती नळी फळीवर आहे, एका पिवळ्या चिठ्ठीसकट.
चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात:
हिरवा. हात लावू नये.

धूळ बसते.
पुसायलाही ते मला जवळ येऊ देत नाहीत.